जातो म्हणून सांगावं, अशी एक जागा

घरातून बाहेर पडताना आपण ‘जातो’ म्हणत नाही. उंबऱ्यावर चपला सरकवता सरकवता ‘येतो हं’ म्हणतो, आणि चुकून कोणी ‘जाते’ म्हणालंच तर आतून आजी हटकते, ‘अगं, येते म्हण!’ परदेशी निघालेली मुलंसुद्धा विमानतळावर आईवडिलांच्या पाया पडून ‘येतो’ म्हणूनच आत शिरतात. पण एक जागा अशी आहे, जिथे ‘येतो’ म्हणून भागत नाही. तिथे ‘जातो’ असं स्वच्छ सांगावं लागतं, आणि तेही लेखी. ती जागा म्हणजे आपली बँक.

माझ्या मामेबहिणीने ते सांगितलं नव्हतं. साताऱ्याची मुलगी, पुण्यात काही वर्षं नोकरी, मग जर्मनीत श्टुटगार्टला. पुण्यातलं पगाराचं खातं तसंच चालू राहिलं. कोथरूडच्या फ्लॅटचं भाडं त्यातच जमा व्हायचं आणि मामाच्या औषधांचे पैसे त्यातूनच जायचे. तीन वर्षांनी तिने जर्मनीतून त्या खात्यात एक मोठी रक्कम पाठवली आणि दुसऱ्या दिवशी बँकेतून फोन आला, ‘मॅडम, तुम्ही सध्या कुठे असता?’ तिने खरं ते सांगितलं. पुढचे दोन महिने कागदपत्रांत गेले.

तिची चूक जगावेगळी नव्हती. परदेशी जाणाऱ्या घराघरांत ती होते, कारण बँकेचा हा प्रश्न आपल्याला पत्त्यापुरता वाटतो. खरं तर परदेशात राहून भारतात खातं उघडण्याचा सगळा कायदा तीन प्रश्नांवर उभा आहे: तुम्ही राहता कुठे, पैसा आला कुठून आणि तो जाणार कुठे. हे तीन प्रश्न एकदा समजले, की चाळीस रकान्यांचा अर्जही भीतिदायक राहत नाही.

तुम्ही राहता कुठे?

पासपोर्ट भारताचा आहे म्हणून आपण बँकेच्या दृष्टीने ‘निवासी’ असतो, असा पुष्कळांचा समज आहे. परकीय चलनाचा कायदा नागरिकत्वाकडे पाहत नाही, राहण्याकडे पाहतो. हा कायदा म्हणजे १९९९ चा ‘फेमा’. तो १ जून २००० पासून लागू झाला आणि त्याने १९७३ च्या कडक ‘फेरा’ची जागा घेतली. फेमानुसार मागच्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून जास्त काळ जो भारतात राहिला तो निवासी. पण याला मोठा अपवाद आहे. जो नोकरीसाठी, धंद्यासाठी किंवा अनिश्चित काळ राहण्याच्या इराद्याने देश सोडतो, तो विमानात बसला की अनिवासी ठरतो. त्यासाठी १८२ दिवस भरण्याची वाट पाहायची नसते. शिकायला जाणाऱ्या मुलांचं काय, हा घोळ बरीच वर्षं होता. रिझर्व्ह बँकेने २००३ च्या डिसेंबरमध्ये तो मिटवला: परदेशी शिकणारा विद्यार्थीही अनिवासी.

प्राप्तिकराचं घड्याळ मात्र वेगळं चालतं. तिथे त्या त्या वर्षातले दिवस मोजले जातात. ऑक्टोबरच्या अखेरीला नोकरीसाठी निघालेला मुलगा बँकेसाठी त्याच दिवसापासून अनिवासी असतो, पण एप्रिल ते ऑक्टोबर असे दोनशेहून अधिक दिवस तो भारतात होता, म्हणून त्या वर्षापुरता प्राप्तिकर खात्यासाठी निवासीच राहतो. ही दोन घड्याळं एकच समजल्यामुळे बरेच गोंधळ होतात.

अनिवासी झाल्यावर साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही. ते बंद करावं लागतं किंवा त्याचं रूपांतर ‘एनआरओ’ या अनिवासींसाठीच्या खात्यात करून घ्यावं लागतं. फेमाचा भंग सिद्ध झाला तर गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. साधा पगारदार माणूस सहसा त्या टोकाला जात नाही. पण घर विकलं, वडिलोपार्जित जमिनीचे पैसे आले आणि ते परदेशी न्यायची वेळ आली, की जुनं खातं आडवं येतं. रूपांतराचा अर्ज दोन-चार पानांचा असतो. तो वेळेवर दिला, तर पुढची वर्षं सुखाची जातात.

पैसा आला कुठून?

अनिवासी माणसाच्या पैशाचे कायद्याने दोन हौद केले आहेत. परदेशात कमावलेला पैसा एका हौदात, भारतात निपजलेला दुसऱ्यात.

पहिला हौद ‘एनआरई’ खात्याचा. पगार परदेशी चलनात मिळाला, तो भारतात पाठवला आणि इथे त्याचे रुपये झाले, की तो या खात्यात बसतो. मुद्दल आणि व्याज दोन्ही केव्हाही परत परदेशी नेता येतात, आणि फेमाच्या दृष्टीने तुम्ही अनिवासी आहात तोवर या व्याजावर भारतात प्राप्तिकर नाही. मुदत ठेव किमान एक वर्षाची.

दुसरा हौद ‘एनआरओ’चा. घरभाडं, निवृत्तिवेतन, लाभांश, जुन्या ठेवींचं व्याज, शेतजमिनीचं उत्पन्न असा भारतातला पैसा इथे येतो. याच्या व्याजावर ३० टक्के आणि वर उपकर असा कर बँक आधीच कापून घेते. मात्र भारताचे अनेक देशांशी दुहेरी करआकारणी टाळण्याचे करार आहेत. त्या देशाच्या करखात्याकडून तिथे करदाते असल्याचा दाखला आणून बँकेला दिला, तर व्याजावरची कपात जर्मनीतल्या माणसाला १० टक्के, संयुक्त अरब अमिरातीतल्या माणसाला साडेबारा टक्के आणि अमेरिकेतल्या माणसाला १५ टक्क्यांवर येऊ शकते. दाखला दरवर्षी नवा द्यावा लागतो. पुष्कळजण पहिल्या वर्षी देतात, दुसऱ्या वर्षी विसरतात.

दोन्ही हौदांमध्ये एक झडप आहे आणि ती एकाच बाजूने सहज उघडते. एनआरईतून एनआरओत पैसा विनासायास जातो. उलट नेताना कर भरल्याचा पुरावा आणि चार्टर्ड अकाउंटंटचं प्रमाणपत्र लागतं. म्हणूनच भाडेकरूने भाडं चुकून एनआरईत भरणं किंवा मामाने लेकीच्या एनआरई खात्यात रोख रक्कम टाकणं चालत नाही. भाऊबिजेची ओवाळणी भाऊ रुपयांत पाठवणार असेल, तर तिची जागाही एनआरओच. भाडेकरूला तर आणखी एक गोष्ट ठाऊक असावी लागते. घरमालक अनिवासी असेल, तर भाडं देतानाच त्याने कर कापून सरकारकडे भरायचा असतो. माझ्या बहिणीच्या भाडेकरूला हे कोणी सांगितलंच नव्हतं.

तिसरा प्रकार ‘एफसीएनआर’ ठेवींचा. यात रुपये होतच नाहीत. डॉलर, युरो, पौंड अशा चलनातच एक ते पाच वर्षांची मुदत ठेव राहते आणि त्याच चलनात परत मिळते. रुपया घसरला तरी ठेवीदाराला झळ लागत नाही. याचं मोल एका हिशेबाने कळेल. २०११ च्या सुरुवातीला डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता. समजा, कोणी १०,००० डॉलर आणून साडेचार लाख रुपये एनआरई ठेवीत घातले आणि ७ टक्के चक्रवाढीने दहा वर्षं ठेवले. त्याचे सुमारे ८ लाख ८५ हजार झाले. ऐकायला दुप्पट. पण २०२१ च्या सुरुवातीला डॉलर ७३ रुपयांच्या घरात होता, म्हणजे परत नेताना हाती आले सुमारे १२,१०० डॉलर. डॉलरच्या मापाने वर्षाला जेमतेम दोन टक्के. ज्याला म्हातारपणी साताऱ्यात राहायचं आहे, त्याला रुपयांतली वाढ खरी. ज्याला मुलांची फी परदेशात भरायची आहे, त्याने डॉलर मोजावेत. कोणती ठेव चांगली, याचं उत्तर असं तिसऱ्या प्रश्नात दडलेलं असतं.

पैसा जाणार कुठे?

या हौदांची रचना देशाच्या गरजेतून झाली आहे. परकीय चलनाची चणचण असलेल्या काळात, १९७० साली, एनआरई खातं सुरू झालं. मग तेल महागलं, आखातात कामं निघाली, कोकणातून आणि केरळातून माणसं तिकडे गेली, आणि १९७५ मध्ये परकीय चलनातल्या ठेवी आल्या. रुपया घसरला तर तोटा रिझर्व्ह बँकेने सोसायचा, असा तेव्हा करार होता. १९९१ च्या संकटात अनिवासींनी ठेवी काढून नेल्या आणि तिजोरीवरचा ताण वाढला. १९९३ मध्ये नवी योजना आली आणि विनिमयदराची जोखीम बँकांकडे गेली. २०१३ मध्ये रुपया कोसळला, तेव्हा रिझर्व्ह बँकेने बँकांना खास सवलत दिली आणि एफसीएनआर ठेवींतून सुमारे २६ अब्ज डॉलर देशात आले. परदेशातून मायदेशी पैसा पाठवणाऱ्यांमध्ये भारतीय जगात पहिले आहेत. जहाजावरच्या खलाशाने आणि कुवेतच्या स्वयंपाक्याने पाठवलेली रक्कम देशाच्या हिशेबात अशी उतरते. परत नेण्याची मुभा दिल्याशिवाय हा पैसा आला नसता, म्हणून एनआरई आणि एफसीएनआरचं दार दोन्ही बाजूंनी उघडं आहे.

एनआरओचं दारही बंद नाही. भाडं, निवृत्तिवेतन, व्याज असं चालू उत्पन्न कर भरून बाहेर नेता येतं. घरविक्री, वारसाहक्क अशा शिलकीतून एका आर्थिक वर्षात दहा लाख अमेरिकन डॉलरपर्यंत नेता येतात. मात्र पैसा कुठून आला, याचा कागद असावा लागतो. खरेदीखत, वारसाचा दाखला, कर भरल्याच्या पावत्या एका फाईलमध्ये जपून ठेवा. पंधरा वर्षांनी तलाठी कार्यालयाच्या खेपा घालण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर

आता प्रत्यक्ष अर्ज. बहिणीने तो श्टुटगार्टच्या स्वयंपाकघरात बसून भरला आणि मी व्हिडिओ कॉलवर इकडून एकेक रकाना वाचून दाखवत होते. पहिल्याच ओळीला आम्ही अडलो. ‘ताई, यात बाबांचं नाव मधे लिहू का?’ आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी सवय. तिच्या पासपोर्टवर पहिल्या रकान्यात तिचं आणि वडिलांचं नाव एकत्र, दुसऱ्यात आडनाव. पॅनकार्डावर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. जर्मनीतल्या विजेच्या बिलावर सासरचं आडनाव. बँकेला ही तीन माणसं वाटतात. यावर उपाय एकच: पासपोर्टवर जसं आहे, तसंच अक्षर न् अक्षर अर्जात लिहायचं, आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्यायचे किंवा ‘ही एकच व्यक्ती’ असं प्रतिज्ञापत्र जोडायचं.

दुसरी अडचण सहीची. अठराव्या वर्षी काढलेल्या पासपोर्टवर तिने देवनागरीत सही केली होती, ‘म’चा पाय लांब ओढून. जर्मनीत सगळीकडे रोमन सही करून हात वळला होता. अर्ज परत आला. मग तिने एका वहीवर वीस-पंचवीस वेळा जुनी सही गिरवली. शाळेत शुद्धलेखन काढल्यासारखी. मराठी सही चालते. ती पासपोर्टवरच्या सहीशी जुळली पाहिजे, इतकंच.

तिसरी गोष्ट साक्षांकनाची. तुम्ही समोर नसता, म्हणून झेरॉक्स खरी आहे असं कोणीतरी अधिकारी माणसाने सांगावं लागतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे भारतीय बँकेच्या परदेशी शाखेतले अधिकारी, आपल्या बँकेशी संबंध असलेल्या परदेशी बँकेची शाखा, तिथला नोटरी, न्यायाधीश किंवा भारतीय दूतावास यांतलं कोणीही ते करू शकतं. बहिणीने घराजवळचा नोटरी गाठला. शिक्का जर्मन भाषेत उमटला, पत्त्याचा नगरपालिकेचा दाखलाही जर्मनच. बँकेने दोन्हींचं इंग्रजी भाषांतर मागितलं. म्हणून कागद पाठवण्याआधीच ‘कोणाचा शिक्का चालेल आणि कोणत्या भाषेतला?’ असं शाखेला ईमेलवर विचारून घ्यावं. तोंडी उत्तर पुरत नाही, कारण अर्ज तपासणारा माणूस वेगळ्याच शहरात बसलेला असतो.

बाकीची यादी तशी सरळ आहे: पासपोर्ट, व्हिसा किंवा निवासपरवाना, परदेशातल्या पत्त्याचा पुरावा, फोटो आणि पॅन. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना ओसीआय कार्डावर खातं उघडता येतं. दर्यावर्दी मंडळींचं प्रकरण निराळं. रत्नागिरी, रायगड आणि गोव्यातली कितीतरी माणसं परदेशी कंपन्यांच्या जहाजांवर असतात, त्यांच्याकडे कुठल्याच देशाचा नोकरीचा व्हिसा नसतो. त्यांच्यासाठी सीडीसी हे नाविकाचं पुस्तक आणि कंपनीचं करारपत्र हेच पुरावे ठरतात.

शेवटच्या पानावर करनिवासाचं घोषणापत्र असतं आणि तेच पान घाईत कोरं राहतं. तुम्ही कोणत्या देशात कर भरता आणि तिथला करक्रमांक काय, हे त्यात विचारतात. जर्मनीत तो ११ आकडी असतो आणि टपालाने पत्रातून येतो. बहिणीने ते पत्र खणातून हुडकून काढलं. ही माहिती बँकेत पडून राहत नाही. अमेरिकेशी भारताने ९ जुलै २०१५ रोजी अशा माहितीच्या देवाणघेवाणीचा करार केला आणि इतर अनेक देशांशीही अशीच देवाणघेवाण चालते, म्हणजे तुमच्या खात्याची माहिती तुम्ही राहता त्या देशाच्या करखात्याला जाते. एनआरईचं व्याज भारतात करमुक्त आहे, पण अमेरिकेत राहणाऱ्याला ते तिथल्या विवरणपत्रात दाखवावंच लागतं. आणि अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची एकत्र शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर त्याची वेगळी नोंद तिथल्या सरकारकडे करावी लागते. भारतातली करमुक्ती पाहून हे विसरलेल्या माणसाचं फार नुकसान होतं.

मागे राहिलेल्यांसाठी

खातं उघडताना आपण स्वतःचा विचार करतो. ते वापरायची वेळ मात्र बहुधा आईवडिलांवर येते. एनआरई खात्यात जवळच्या निवासी नातेवाइकाचं नाव दुसरं लावता येतं, पण पहिला खातेदार हयात असेपर्यंत दुसऱ्याला ते केवळ मुखत्यार म्हणून चालवता येतं. कुलमुखत्यारपत्र दिलं तरी मर्यादा आहेत: मुखत्याराला तुमच्या वतीने खातं उघडता येत नाही आणि तुमच्या पैशातून कोणाला भेट देता येत नाही. सोसायटीचा देखभाल खर्च, वीजबिल, दवाखाना अशी स्थानिक देणी तो देऊ शकतो. आजारपणात तेवढं पुष्कळ असतं. नॉमिनीचं नाव लावायला तर विसरूच नये. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंतची नावं नोंदवता येतात.

बँक निवडतानाही जरा थांबावं. मराठी माणसाचं पहिलं खातं पुष्कळदा गावातल्या सहकारी बँकेत असतं. तिथला कारकून तीन पिढ्या ओळखतो, पण प्रत्येक सहकारी बँकेला एनआरई खातं ठेवण्याची परवानगी नसते. आधी विचारावं. ठेवींचा विमा सगळीकडे सारखा: एका बँकेत एका माणसाच्या मिळून ५ लाख रुपयांपर्यंत, अनिवासी ठेवींसह.

आणि फोन. भारतातलं सिमकार्ड रिचार्ज न केल्याने बंद पडलं, की ओटीपी येत नाही आणि ओटीपी नाही म्हणजे खातं असून नसल्यासारखं. बँकेत परदेशी क्रमांक आणि ईमेल दोन्ही नोंदवावेत. जानेवारी २०२३ पासून सिंगापूर, अमेरिका, ब्रिटन, अमिराती, ओमान, कतार अशा दहा देशांतल्या क्रमांकांवरून एनआरई आणि एनआरओ खात्याचं यूपीआय चालवायला वाट मोकळी झाली आहे. दोन वर्षं खात्यात आपण काहीच व्यवहार केला नाही, तर ते निष्क्रिय होतं आणि दहा वर्षांनी शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. ती परत मिळते, पण पुन्हा तोच कागदांचा प्रवास. वर्षातून एकदा शंभर रुपये इकडचे तिकडे केले तरी हे टळतं.

बहिणीचं काम शेवटी झालं. जुनं खातं एनआरओ झालं, नवं एनआरई उघडलं, भाडेकरूला कर कापायची रीत समजावली. आता मामा दर महिन्याला पासबुक भरून आणतो आणि व्हॉट्सॲपवर त्याचा फोटो पाठवतो. औषधांचे पैसे आपल्या आपण जातात, हे पाहून त्याला बरं वाटतं.

एक काम अजून बाकी आहे. ती कधी ना कधी परत येणार आहे. कायमचं राहायला आलं, की तेही बँकेला सांगावं लागतं. मग एनआरओ पुन्हा साधं बचत खातं होतं आणि एनआरईचे पैसे साध्या खात्यात किंवा परत आलेल्यांसाठीच्या परकीय चलन खात्यात जातात. एफसीएनआर ठेव मुदत संपेपर्यंत तशीच राहू शकते. त्या दिवशी ती सातारच्या घराच्या उंबऱ्यावर उभी राहून ‘आले’ म्हणेल. आणि त्याच आठवड्यात बँकेतही जाऊन म्हणेल, ‘आले’. मी तिला आत्तापासूनच बजावून ठेवलं आहे.